सातवा खडा

सन १९५३, वैशाख महिना. त्या वर्षी वैशाख अधिक आला होता. एक वैशाख सरला की पुढे दुसरा वैशाख उभा.

“चौघांनी कशाला मोजायचं, बुवा? एकानं नीट मोजलं तर भागत न्हाई का?”

हे दौलतने विचारले. विहिरीच्या काठावर उभे राहून, सगळ्या गावासमोर विचारले.

येसूबुवा वाती कापत बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

येसूबुवा गोसावी होते, पण मठात बसणारे नव्हते. दीक्षा घेण्याआधी ते विहिरी खणत. दीक्षा घेतल्यावरही विहिरीच खणत राहिले. माणदेशात गावोगाव जायचे, पिण्याच्या पाण्याची विहीर घ्यायची, पाणी लागले की पुढच्या गावाला निघायचे. मजुरी घेत नसत. गावाने दोन वेळची भाकरी द्यायची आणि सुरुंगाची दारू आणून द्यायची, एवढेच. कुणी उपदेश मागितला तर बुवा त्याच्या हातात पहार देत. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी परत जात.

तिघे मात्र राहिले होते.

काळू सगळ्यांत जुना. सांगितलेले काम करी, न सांगितलेले करीत नसे.

मोहिद मिरजेकडचा. बत्ती देण्याचे काम त्याचे. पेटलेल्या वातीजवळून घाई न करता निघणारा माणूस मिळत नाही. तो तसा होता.

आणि दौलत. अंगाने पैलवान. दोघांकडून मिळून जेवढे भोक पडे तेवढे तो एकटा पाडी. कानही असा की पहारीच्या आवाजावरून खडक कुठे पोकळ आहे ते सांगे. हे त्याला ठाऊक होते, आणि दुसऱ्यांना ठाऊक नसले तर तो करून देई.

तिपेवाडीची ती विहीर सहा पुरुष खोल गेली होती. खाली काळा कातळ. सकाळी त्याला सात भोके मारायची. उन्हे डोक्यावर आली की भोकांत दारू भरायची, वाती लावायच्या. मोहिदने बत्ती द्यायची, तिघांनी त्याला दोराने वर ओढायचे. मग चौघांनी चार बाजूंना पांगायचे, वेगवेगळ्या बांधांच्या आड, एकमेकांकडे पाठ करून बसायचे.

बसताना डाव्या मुठीत सात खडे. एक बार उडाला की एक खडा उजव्या मुठीत.

धूर निवळला की बुवांसमोर यायचे आणि उजवी मूठ उघडायची. बुवाही आपली मूठ उघडत. चारही मुठींत सात सात खडे निघाले तरच माणूस खाली उतरायचा. एका जरी मुठीत कमी निघाला, तर त्या दिवशी विहीर बंद. दोर गुंडाळायचे ते सकाळीच सोडायचे. एखादा सुरुंग मुका राहिला असेल तर तो कधी बोलेल याचा नेम नसतो.

ज्याची मूठ कमी भरली त्याला कारण विचारायचे नाही. त्याला हसायचे नाही. मागाहूनही त्याबद्दल बोलायचे नाही. बुवांनी शिष्यांना एवढा एकच नियम घालून दिला होता. देवाधर्माचा एकही नाही.

त्या पंधरवड्यात मोहिदची मूठ तीनदा कमी भरली. तिन्ही वेळा बाकीच्यांच्या मुठी पुऱ्या होत्या. तिन्ही वेळा विहीर बंद राहिली. तिन्ही वेळा सकाळी उतरून पाहिले तेव्हा मुका सुरुंग सापडला नाही.

म्हणून दौलतने गावासमोर विचारले होते.

“मोहिदभाईचा कान गेलाय,” तो म्हणाला. “बत्त्या देऊन देऊन गेलाय, त्याचा दोष न्हाई. पर त्याच्या कानापायी गाव तहानेनं मरतंय.”

मोहिद खाली बघत राहिला.

बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात तिपेवाडीच्या बायका पाण्यासाठी खिंड ओलांडून पलीकडच्या गावाला जात. तिथले लोक आधी जनावरांना पाजत, मग यांना घेऊ देत. गावच्या भाकरीची व्यवस्था चंद्राक्काकडे होती. तिची सून दिवस भरलेली, घरात बसून होती. चंद्राक्काची जीभ कुणाला भीत नसे.

“खरं बोलतोय पैलवान,” चंद्राक्का म्हणाली. “बुवा, तुमी साधू माणसं. तुमास्नी तहान लागत नसंल. आमच्या घरात बाळंतपण हाय. बाळाला न्हाऊ घालायला खिंडीपल्याडचं पाणी आणू का?”

बुवांनी वात कापली. दुसरी घेतली.

“दौलत…”

“जी बुवा.”

“तू एकटा मोजशील?”

“मोजीन की.”

“चुकायचा न्हाईस?”

दौलत हसला. “माझा कान तुमीच वाखाणलाय, बुवा.”

“मग उद्यापासनं तू मोज.”

लोकांना बरे वाटले. काळूने खांदे उडवले. मोहिदने तोंड वर केले.

“बुवा… माझ्यामुळं का?”

बुवांनी कापलेल्या वाती एका फडक्यात गुंडाळल्या आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून दौलत मोजू लागला.

काम भराभर होऊ लागले. रोज बार, रोज उतरणे, रोज डबर वर. एकही दिवस वाया गेला नाही. पाच दिवसांत कातळाचा रंग बदलला. सहाव्या दिवशी काळूने वर आणलेल्या एका दगडाला हात लावला तर बोटे ओली झाली. तो दगड बायकांनी हातोहात गावात नेला. चंद्राक्काच्या सुनेने तो गालाला लावला म्हणतात.

गाव दौलतच्या मागे लागले. भाकरीबरोबर त्याला वेगळे लोणी येऊ लागले. आधी बांधाआड बसणारा दौलत आता विहिरीपासून जरा दूर, चिंचेखाली गावकऱ्यांत बसून मोजू लागला. बार झाला की बोट वर करायचा. पोरे त्याच्याबरोबर ओरडायची.

काळू आणि मोहिद जुन्या सवयीने आपापल्या बांधाआड जाऊन बसत. काळू तिथे तंबाखू मळायचा. मोहिद नुसता बसायचा.

“तुमी कशाला जाता त्या बांधाआड?” दौलतने एकदा हटकले.

“सावली हाय तिथं,” काळू म्हणाला.

“मोहिदभाई, तुमी तरी या की चिंचंखाली.”

“बरा हाय मी हिथं.”

बुवाही आपल्या बांधाआड जात. त्यांना दौलतने काही विचारले नाही.

मग तो दिवस आला.

सकाळी भोके मारताना पहारीखाली कातळाचा आवाज फुटला होता. खाली पोकळी आहे हे लहान पोरानेही सांगितले असते. आजच्या बाराने झरा उघडणार असे दौलतने काठावर येऊन सांगून टाकले. दुपारी विहिरीवर सगळे गाव लोटले. कुणी नारळ आणला. चंद्राक्काने नवी घागर आणली.

मोहिदने बत्ती दिली. तिघांनी त्याला वर ओढला. सगळे पांगले.

पहिला बार उडाला. दौलतचे बोट वर झाले. पोरे ओरडली. दुसरा, तिसरा. मध्ये जरा थांबून चौथा. लगेच पाचवा. मग सहावा.

“पैलवान,” चंद्राक्का म्हणाली, “आज पाणी लागू दे, तुझ्यासाठी माझ्या भावाची पोरगी मागते. गोसाव्याच्या मागं हिंडून वाळून जाशील लेकरा.”

“पोरीला पैलवानाची भाकरी थापावी लागंल,” कुणीतरी म्हणाले. “एवढं पीठ कुठनं आणायचं?”

सगळे हसले. दौलतही हसला. खळखळून, मान मागे टाकून हसला.

हसणे थांबले तेव्हा विहीर गप्प होती. धूर वर येत होता.

दौलतने आपल्या बोटाकडे पाहिले. ते वरच होते. सहाव्यासाठी वर होते की सातव्यासाठी, हे त्याला सांगता आले नसते. त्याने लोकांच्या तोंडांकडे पाहिले. लोक त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“झालं का रं समदं?” चंद्राक्काने विचारले.

“झालं,” दौलत म्हणाला. “सात.”

“सात,” पोरे ओरडली.

नारळ फुटला.

बांधाआडून काळू आला. तंबाखू थुंकला आणि दोराजवळ उभा राहिला. पाठोपाठ मोहिद आला. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. दौलतने ते पाहिले आणि नजर काढून घेतली. मोहिदने मूठ धोतराच्या सोग्यात खुपसली.

शेवटी येसूबुवा आले.

“किती?”

“सात, बुवा.”

“नक्की?”

गाव सभोवार उभे होते.

“नक्की.”

बुवांनी मान डोलावली. आज उतरायची पाळी मोहिदची होती. मोहिदने दोराचा फास कमरेत अडकवायला घेतला.

बुवांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“आज मी.”

“बुवा, तुमचं वय झालंय…”

“सोडा दोर.”

हातोडा आणि छिन्नी कमरेला खोवून बुवा काठावरून उतरले. तिघांनी दोर सोडला. दोर सरकत गेला, सैल पडला. बुवा तळाला पोचले होते.

वर सगळे कान देऊन उभे राहिले. आता बुवा ओरडतील, पाणी आले म्हणतील.

दोराला दोन हिसके बसले. वर ओढा, अशी खूण.

“लगीच?” काळू म्हणाला.

त्यांनी ओढले. दोर हलका आला. फार हलका आला. काठावर आला तो नुसता फास होता. रिकामा.



दौलत काठावर पालथा पडला आणि खाली वाकून पाहू लागला. धूर पुरता विरला नव्हता. तळ दिसत नव्हता.

“बुवा… दोर सुटला का?”

“मी सोडला,” खालून आवाज आला.

“का?”

“वर येऊन काय करू? सगळे उडाले ना?”

दौलतने वळून गावाकडे पाहिले.

“…उडाले.”

“मग मी खडक फोडायला घेतो.”

ठण्.

छिन्नीवर हातोडा बसल्याचा आवाज विहिरीतून वर आला. मोहिदच्या हातातून दोर गळाला.

ठण्.

“बुवा,” दौलत ओरडला. “जरा थांबा. आधी डबर काढू. मी येतो खाली.”

“कशाला? सात झाले ना?”

ठण्.

काळू दौलतच्या कानाशी वाकला. “बोल की रं.”

“काय बोलू?”

“तुला ठावं हाय काय ते.”

दौलतने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. “तुला कसं ठावं?”

काळूने विहिरीकडे बोट दाखवले.

ठण्.

बायका मागे सरल्या. चंद्राक्काने नवी घागर खाली ठेवली. काय चालले आहे हे गावाला पुरते कळले नव्हते, पण दौलतचा चेहरा सगळ्यांना दिसत होता.

ठण्… ठण्…

“थांबा, बुवा,” दौलत म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “सातवा मी ऐकला न्हाई.”

हातोडा थांबला.

विहिरीतून बुवांचा आवाज आला. नेहमीचाच, उंच नाही, खाली नाही.

“मग किती ऐकलेस?”

“सहा.”

“काळू.”

“जी.”

“तू?”

“…सहा.”

“मोहिद.”

मोहिदने सोग्यातून मूठ काढली आणि उघडली. बुवांना ती दिसणार नव्हती. तरी त्याने ती विहिरीवर धरली.

“सहा, बुवा.”

“मीही सहा,” बुवा म्हणाले. “मग सातवा कुणाचा?”

गावातले एक माणूस हलले नाही. नारळाची शकले तिथेच पडली होती.

दौलत उठला. फास स्वतःच्या कमरेत अडकवला आणि कुणाला न विचारता काठावरून खाली झेपावला. काळू आणि मोहिदने कसाबसा दोर सावरला.

खाली धूर अजून डोळ्यांत जात होता. बुवा एका दगडावर बसले होते. गुडघ्यांवर हातोडा.

दौलतने मनाशी धरले होते की म्हातारा कुठेतरी लांब कडेला, उगाच भीती घालायला ठोकत असेल.

बुवांच्या पायांशी सातवे भोक होते. दारू भरलेले, तोंड चिखलाने लिंपलेले, अखंड. वात अर्धी जळून विझली होती. आणि छिन्नी भोकापासून वीतभर अंतरावर कातळात उभी होती. तिच्याभोवती घावांचा पांढरा चुरा पडला होता.

दौलत भिंतीला टेकला.

“बुवा… हिथं? हिथं ठोकत व्हता?”

“हिथंच खडक फुटायचा राहिलाय.”

“सुरुंग बोलला असता तर?”

“तू सात म्हणालास.”

“तुमी सहा ऐकले व्हते की.”

“माझे सहा कुणाला पायजे व्हते?” बुवा म्हणाले. “मोजणारा तू. मी तुझ्या शब्दावर उतरलो.”

दौलतने फास स्वतःच्या कमरेतून काढला आणि बुवांच्या कमरेत अडकवला. गाठ दोनदा तपासली. हिसके दिले. बुवा वर गेले. दोर परत खाली येईपर्यंत दौलत त्या भोकाजवळ एकटा उभा होता. तेवढा वेळ त्याने काय केले ते कुणाला माहीत नाही. वर आला तेव्हा पैलवानासारखा दिसत नव्हता.

गाव पांगले होते. थोडे लोक लांबून पाहत होते. चंद्राक्का मात्र तिथेच उभी होती. तिला बोलायचे होते, पण शब्द सापडत नव्हते. असे तिचे क्वचित होत असेल.

बुवा चिंचेखाली बसले. तिघे समोर उभे राहिले.

“मोहिद.”

“जी.”

“सहा ऐकलेस. मूठ मिटून उभा राहिलास. आन् तरी उतरायला निघालास.”

मोहिदचे डोळे भरले. “माझ्या कानावर माझाच भरवसा राहिला न्हाई, बुवा. सगळीच म्हणाली कान गेला. म्हटलं, गेलाच असंल.”

बुवांनी दौलतकडे पाहिले. मग काळूकडे वळले.

“तू?”

“मोजायचं काम त्याला दिलं व्हतं,” काळू म्हणाला. “माझं नव्हतं.”

“आणि मरायचं काम कुणाचं व्हतं?”

काळूने खाली बसून बुवांच्या पायांना हात लावला. बुवांनी पाय मागे घेतले.

“बुवा,” दौलत म्हणाला, “मी जातो. माझं हिथं काम न्हाई.”

“जा.”

दौलत वळला.

“पण देणं ठेवून जाऊ नको.”

“कसलं देणं?”

“एक खडा जास्तीचा दाखवलास. तो आमचा व्हता. चौघांचा. परत कर.”

दौलतला समजेना. त्याने वाकून पायांशी पडलेला एक खडा उचलला, बुवांसमोर धरला. बुवांनी तो घेतला, न्याहाळला आणि लांब फेकून दिला.

“हा नव्हे.”

“मंग कोणता?”

बुवा उठले आणि हात धुवायला गेले. धुवायला पाणी नव्हते. मातीनेच चोळले.

दौलत गेला नाही.

सकाळी मुक्या सुरुंगात मोहिदने पाणी ओतले. त्या पाण्याची घागर चंद्राक्काने स्वतः खिंडीपलीकडून आणून दिली, काही न बोलता. मग त्यापासून लांब दुसरे भोक मारून तो उडवला. चौघे परत चार बांधांआड बसू लागले. चिंचेखाली कुणी बसेना.

पण गाव बिथरले होते. दोन दिवस माणसे काठाकडे फिरकली नाहीत. मग सरपंच आला. चांगला माणूस होता, पण घाबरलेला.

“बुवा, राग मानू नका. तालुक्याला एक ठेकेदार हाय. यंत्र हाय त्याच्याकडं. उद्या सांजंपतुर तुमच्या हातनं पाणी न्हाई लागलं तर परवा त्याची लॉरी येणार. गाव तसं ठरवून बसलंय.”

“ठरवलं असंल तर येऊ दे.”

“अर्ध्या दिवसाचं तर काम राहिलंय, असं तुमचीच माणसं म्हणत्यात.”

“व्हय.”

“मंग उद्या तरी विहीर बंद ठेवू नका.”

सरपंच गेला. काळू म्हणाला, “एवढी विहीर आपण घेतली. पाणी तो ठेकेदार काढणार. दगडावर नाव त्याचं.”

“नाव पायजे व्हतं का तुला?” बुवांनी विचारले.

दौलतने ते ऐकले. त्या विहिरीतली निम्मी भोके त्याच्या हाताने पडली होती. पाणी बघण्याआधी तिथून उठून जाणे त्याच्या जिवावर येणार होते. हे तो कुणाला बोलला नाही. सगळ्यांना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सात भोके. दारू. वाती. गाव पुन्हा जमले, पण लांब, ओळीने, मुकाट. पोरांच्या तोंडावर आयांचे हात. चंद्राक्का सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिच्या सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या.

मोहिदने बत्ती दिली. त्याला वर ओढला. चौघे चार बाजूंना गेले.

बार झाले. जमीन हलली. धूर आला, आणि धुराबरोबर एक गार, मातकट वास आला. तिपेवाडीच्या लोकांनी तो वास ओळखला. एक म्हातारा मटकन खाली बसला.

चौघे बुवांच्या जागी जमले.

बुवांनी मूठ उघडली. सात खडे.

काळूने उघडली. सात.

मोहिद थांबला. आपल्या मुठीकडे पाहिले, मग उघडली. सात. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

राहिला दौलत.

त्याची उजवी मूठ मिटलेली होती. डावीही मिटलेली होती. गाव ओळ मोडून जवळ सरकले होते. तिघांच्या तळहातांवरचे खडे सगळ्यांना दिसत होते. सरपंचाने दोराला हातही घातला होता.

“उघड की लेकरा,” चंद्राक्का म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी मऊ होता. “तिघांचे सात हायती. पाण्याचा वास सुटलाय. घरात पोर अडलीय माझी. उघड.”

दौलतने तिच्याकडे पाहिले. विहिरीकडे पाहिले. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला, तो त्याने पुसला नाही.

मग त्याने उजवी मूठ उघडली.

सहा.

पाठोपाठ डावी उघडली. सातवा खडा तिथे होता.

कुणीतरी मागून शिवी दिली. सरपंच म्हणाला, “अरं, दोन बार एकदमच उडाले असतील. मी सवता ऐकलं. तिघांचं खरं का याचं एकट्याचं?” चंद्राक्काने डोळे मिटून घेतले.

दौलत दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. त्याने ते मिटले नाहीत. काळूने काही विचारले नाही. मोहिदने काही विचारले नाही.

येसूबुवांनी त्याच्या डाव्या तळहातावरचा खडा उचलला आणि आपल्या कनवटीला लावला.

“फिटलं,” ते म्हणाले. “दोर गुंडाळा.”